कळ सुटेपर्यंत

एलुबेनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाची गाठ सोडली आणि मुळी टेबलावर ठेवली. करंगळीएवढी, तांबूस, सावलीत वाळवलेली.

"ही तेवढी राहिली होती," ती म्हणाली.

डॉक्टर तोवेरानं मुळी उचलून वास घेतला. कळा वाढवायला सुइणी काय काय देतात ते गोळा करत ती गेल्या थंडीत गावोगाव हिंडली होती. तेव्हा सुईण एलुबेनं तिला बाकी सगळी झाडं दाखवली होती. ही दाखवली नव्हती.

"आगोगो, आजी, एवढ्यासाठी झोम्ब्याच्या कॉलेजपर्यंत आलात? निरोप धाडला असतात तर मीच गाडी घेऊन आले असते."

"तुझी गाडी आली की अख्खा गाव मागे धावतो. ही मुळी काय करते ते मला एकटीला बघायचंय."

काढा एलुबेनंच केला, घरी करते तसा. तो निवेपर्यंत ती पिंजऱ्यांपाशी उभी राहिली. आत पांढरे, गुबगुबीत उंदीर दाणे खात होते.

"आमच्याकडे हे काडीला लावून भाजतात. तुम्ही बसून भरवता. शिकलं की असं होतं का गं माणसाचं?"

"आम्ही उत्तरेकडचे. उंदीर खात नाही."

"तरीच आमची भाषा बोलताना अडखळतेस."

तोवेरा हसली. मग तिनं एलुबेला यंत्रापाशी नेलं.

सकाळी मारलेल्या एका उंदरिणीच्या गर्भपिशवीची बारीक पट्टी दोऱ्याला बांधून काचेच्या नळीत टांगली होती. नळीत कोमट खारट पाणी, खालून बुडबुडे. दोऱ्याचं वरचं टोक एका लेखणीला जोडलेलं होतं. पट्टी आवळली की सरकत्या कागदावर लेखणी वर चढायची, सैल पडली की खाली यायची.

एलुबे बराच वेळ बघत राहिली. कळ, विसावा. कळ, विसावा.

"उंदरीण तर मेली म्हणतेस."

"हो. पण ही पट्टी अशी ठेवली की संध्याकाळपर्यंत जगते."

"दुखतं हिला?"

"दुखतंय हे कळायला डोकं लागतं, आगोगो. ते हिला नाही."

तोवेरानं काढ्याचे काही थेंब नळीत सोडले. लेखणी क्षणभर थबकली. मग रेघ चढली, आधीपेक्षा उंच, आणि सावकाश खाली आली. थांबली. पुन्हा चढली.

"बघा," तोवेरा म्हणाली, "जोर वाढला, पण मधे विसावाही आहे. खरंच चांगलं औषध आहे तुमचं."

एलुबेच्या खांद्यांतला ताठरपणा गेला. तिनं डोळे पुसले, स्टुलावर बसली. तोवेरानं तिला पाणी दिलं. कपाळावर हात मारून एलुबे स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि हसली. जायला निघाल्यासारखी उठलीसुद्धा.

मग दारापाशी थांबली.

"अजून घाल."

"पुरे की आता. कळलं ना आपल्याला."

"तिला मी तीनदा दिलं होतं."

"कुणाला?"

"तियोंगेला. लेक माझी." एलुबे परत यंत्रापाशी आली. "अडली होती. दवाखान्याची गाडी येईना. पहिल्या कपानं कळा छान लागल्या, म्हणून दुसरा दिला. मग तिसरा. दोघांना एकाच खड्ड्यात ठेवलं, तिला आणि बाळाला. गाव म्हणतो, गाडी उशिरा आली. मीही तेच म्हणते."

काढ्याचं भांडं तोवेरानं टेबलाच्या पलीकडे सरकवलं. एलुबेनं ते उचलून परत तिच्या हातात दिलं.

थेंब पडले. काही वेळानं पुन्हा पडले.

रेघ चढली. चढली ती वरच राहिली. कागद सरकत होता आणि लेखणी वरच्या टोकाला सरळ रेघ ओढत होती. नळीतली पट्टी आखडून गाठीसारखी झाली होती.

तोवेरानं घाईघाईनं म्हटलं, "आगोगो, उंदीर वेगळा, बाई वेगळी. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्या दिवशी काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही."

"पोरी, माझा हात होता त्या पोटावर."

बाहेर वर्ग सुटला होता. मुलं बोलत, हसत जिन्यावरून उतरत गेली.

"दगड झाला होता पोटाचा," एलुबे म्हणाली. "आणि मी तिला सांगत होते, रडू नकोस, जोर लाव. ती म्हणत होती, आई, ही कळ सुटत नाही. सुटतच नाही. मी म्हटलं, पहिलटकरणीला असंच वाटतं."

सरळ रेघ अजून चाललीच होती.

"सोडव हिला," एलुबे म्हणाली.

तोवेरानं नळीचा तळचा खटका उघडला. काढ्याचं पाणी वाहून गेलं. तिनं ताजं, कोमट पाणी भरलं, तेही सोडलं, पुन्हा भरलं. लेखणी तिथंच. मग हळूहळू, थरथरत, रेघ खाली उतरू लागली. अगदी तळाला आली. काही वेळ काहीच झालं नाही. मग एक लहानशी लाट उठली आणि विरली.

एलुबे वाकली. सुइणीचा तो रुंद, सुरकुतलेला तळवा तिनं नळीच्या काचेवर अलगद टेकवला.

"सुटली बघ," ती हळूच म्हणाली. "आता श्वास घे, बाई. दुसरी यायला वेळ आहे अजून."