माहेरचं नाव

इमिग्रेशनचे साहेब, ह्या आजारी बाईला तुम्ही चौदा महिने टोरोंटोजवळच्या तुरुंगात डांबलंत. गुन्हा काय? नाव विचारलं की गप्प बसते. दर तीस दिवसांनी पासपोर्टवरचं 'सुनेत्रा' पुकारता, फायलीत लिहिता, 'ओळख लपवते.' मी तिची बिनपैशांची वकील. काल नागपूरला तिच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, 'मॅडम, सुनेत्रा सासरचं नाव. लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. डोकं बिघडलं की ती मनानं माहेरीच असते. कुंदा म्हणा.' आज हिअरिंगला हाक मारली, 'कुंदा!' व्हिडिओवरची बाई चौदा महिन्यांत पहिल्यांदा बोलली. 'ओ, आले आई! बाहेरून कडी कोणी लावली?' दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'म्हणजे नावं दोन. ओळख पटत नाही. पुढची तारीख तीस दिवसांनी.' साहेब, तारीख नको. तिला डॉक्टरला कधी दाखवणार, सांगा.