उजव्या मनगटावरचं घड्याळ

"अहो, माझंही घड्याळ घेऊन जा ना. टेकडी चढताना हल्ली फार दम लागतो," शरयू म्हणाली, तेव्हा दिगंबररावांना गंमतच वाटली. टोरांटोत पिलाटेसचे व्यायाम शिकवणाऱ्या लेकीने आईसाठी पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं होतं. रोज दहा हजार झाली नाहीत, की तिचा ओरडा ठरलेला.

मग रोज सकाळी दिगंबरराव डाव्या मनगटावर स्वतःचं आणि उजव्या मनगटावर तिचं घड्याळ बांधून निघत. आकडे लेकीच्या फोनवर जात आणि व्हिडिओ कॉलवर कौतुक होई, "आई, तू तर बाबांच्या बरोबरीने चालतेस की!" शरयू व्यायामाच्या मॅटवर बसूनच हसे. त्या कौतुकात तिच्या दमाचा दोघांनाही विसर पडला.

"एवढी चालणारी बाई हार्टने जातेच कशी?" दिवसकार्याला आलेली लेक रडत विचारत राहिली.

लेक परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, सवयीने, त्यांनी दोन्ही घड्याळं बांधली. टेकडीच्या माथ्यावर उजव्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. शरयूचं आजचं चालणं पूर्ण झालं होतं.

पाठोपाठ खिशातला फोन वाजला. लेकीचा मेसेज होता.

"बाबा, आज आईची दहा हजार पावलं कशी झाली?"