चालायची सोबत

नेरूळला सिडकोच्या नव्या सोसायटीत बायकांनी रोज सकाळी फिरायला जायचं ठरवलं, तेव्हा स्मिताने सगळ्यांच्या आधी होकार दिला. पहिल्या दिवशी ती निघाली, तर सासूबाई तयार होऊन दारात उभ्या. नऊवारीचा काष्टा घट्ट ओढलेला, पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या मुक्ताबाईंना शुगर होती आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं.

खाली मैत्रिणी पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घालून थांबल्या होत्या. स्मिता म्हणाली, "आई, आम्ही फार भरभर चालतो. तुम्हाला नाही झेपायचं."

उभी हयात शेतात राबलेल्या मुक्ताबाईंनी बूट काढून ठेवले. पुन्हा कधी त्या 'येते' म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्यात त्यांची शुगर फारच वाढली. रिपोर्ट बघून डॉक्टर वैतागले. "आजी, सूनबाई रोज माझ्या दवाखान्यावरून फिरायला जातात. त्यांच्याबरोबर जायला काय होतं तुम्हाला?"

सासूबाई आता सगळं सांगणार, असं स्मिताला वाटलं.

"ती रोज चल म्हणती ओ," मुक्ताबाई म्हणाल्या. "मलाच कटाळा."

"मग नशीबवान आहात. अशी सून मिळत नाही."

"व्हय तर," म्हणत मुक्ताबाईंनी पदर सावरला. शेजारी बसलेल्या स्मिताला काही केल्या मान वर करता येईना.