टाचेतलं विरजण

तपासणीला तास उरला होता आणि प्रसूतिगृहाची हिरवी फरशी भराभर राखाडी पडत होती. मळ खाणारे तिच्यातले हिरवे जिवाणू मरत होते.

सफाईचा माल पुरवणाऱ्या ऋजुताचा पाय एका जागी ठरेना. "शेवंतामावशी, काय ओतलंत?"

"फिनेल. साहेब यायचेत. वासाशिवाय कुणाला स्वच्छ वाटतं होय?"

"अहो, फरशी मेलेली दिसली की वॉर्डाला टाळं लावतील. आत दोघींना कळा सुरू झाल्यात, त्यांनी कुठं जायचं? जिवाणूंचं नवं विरजण यायला दोन दिवस लागतात."

मावशींचा चेहरा पडला. मग त्यांनी खाली बसून चपला काढल्या. फिनेलनं पाय पोळतात म्हणून त्या आजच घातल्या होत्या. नाहीतर आठ वर्षं त्या याच फरशीवर अनवाणी राबल्या होत्या. टाचांच्या भेगा हिरव्यागार होत्या.

"हे चालंल का विरजण?"

ऋजुतानं बादल्यांवर बादल्या ओतून फिनेल धुऊन काढलं. मावशी ओल्या फरशीवरून खाटेखाटेपाशी हिंडू लागल्या. ऋजुता एकदा घड्याळाकडे बघे, एकदा फरशीकडे.

मावशी शेवटच्या खाटेशी पोचल्या, तेव्हा दारात उमटलेलं पहिलं पाऊल हिरवं होऊन कडांनी पसरत होतं.

"थांबू नका, मावशी," ऋजुता म्हणाली, "चालत राहा."