पडलेला फ

समजा, तुमचे पुढचे दात पडलेत आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरात नवी आई आलीय. तिची भाषा स्पॅनिश. मराठी म्हणाल तर ‘ये’, ‘बस’, ‘जेव’ एवढंच. काय कराल?

दात पडले म्हणून सगळे जिला बोळकी म्हणत, तिने तोंडाला कुलूप लावलं. नवी आई हाका मारी. ही ओ देत नसे.

पण स्पॅनिश मात्र तिला शिकायची होती. “ती बाबांना माझ्या चुगल्या सांगते. मला कळायला नकोत?”

आजोबा हसले. ते बोळकीच्या आईचे वडील. उभा जन्म लॅटिन शिकवण्यात गेलेला. लेक गेली, तेव्हापासून नातीजवळच राहत होते.

“लॅटिन ही स्पॅनिशची आई,” ते म्हणाले. “लेकीचा तोंडवळा आईचाच, फक्त दात पडलेत. तुझ्यासारखे. आता बघ, मुंगी म्हणजे लॅटिनमध्ये फोर्मीका. स्पॅनिशमध्ये फ पडला, काचा झाला गा, राहिली ओर्मीगा. पान म्हणजे फोलिया. फ पडला, लियाचा झाला खा. ओखा!”

“दात नाहीत आणि म्हणे खा!” बोळकी खिदळली. मग एकदम कुजबुजली. “आजोबा, ती मला सारखी ईखा म्हणते. शिवीच असणार.”

आजोबांना अर्थ ठाऊक होता. त्यांनी चष्मा काढला. “पडलेला दात परत बसवून बघ.”

“फी...” बोळकीने हवेत बोट नाचवलं. “आणि खाचं लिया. फी-लिया.”

बोट हवेतच थांबलं. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. भेटायला आले की याच खुर्चीत बसून आजोबा तिच्या आईला अशी हाक मारायचे. फीलिया म्हणजे लेक, हे तिला आईनेच सांगितलं होतं. आई गेल्यापासून घरात कुणी तो शब्द उच्चारला नव्हता.

“म्हणजे ती मला...”

“हो गं,” आजोबा म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

स्वयंपाकघरातून हाक आली, “ईखा!”

आजोबा चष्म्याची काच पुसतच राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

बोळकीने त्यांचं बोट घट्ट धरलं, स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि पडलेल्या दातांच्या फटीतून पहिल्यांदाच ओ दिली.