पाचवी उमेदवार

फोन वाजला तेव्हा रिसेप्शनच्या वर्तकबाई चहाला गेल्या होत्या. महिनाअखेर त्या निवृत्त होणार, म्हणून त्यांच्या जागेसाठी मुलाखतीला आलेल्या पाच मुली समोरच्या सोफ्यावर फायली छातीशी धरून बसल्या होत्या.

चौघी फोनकडे नुसत्या बघत राहिल्या. पाचवीला नोकरीची फारच गरज होती. तिने उठून रिसीव्हर उचलला.

"साहेब आहेत का?"

"मीटिंगमध्ये आहेत."

"कोणते साहेब?"

"तुम्हाला हवेत ते."

"अहो, मी साहेबच बोलतोय. केबिनमधून परीक्षा घेतोय तुमची!"

नोकरी तर गेलीच, आता खरं बोलायला काय हरकत, असं तिला वाटलं. "मग तर तुम्ही मीटिंगमध्येच आहात, साहेब. वर्तकबाईंनी तीन माणसांना दहा वाजल्यापासून हेच सांगून बसवलंय."

पलीकडून आवाज आला, "आजपासूनच बसता का?"

ती बसली. खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि उरलेल्या चौघींकडे बघून गोड हसली.

"तुम्ही पुढच्या आठवड्यात फोन करून या हं. साहेब मीटिंगमध्ये आहेत."