नुसता ऐकायचा रेडिओ

फडताळावरचा रेडिओ खरखरला, तशी पोळी लाटणारी मृदुला थबकली. नवरा म्हाताऱ्या कुत्र्याला, भुऱ्याला, घेऊन डोंगर चढला होता, वरून हॅम रेडिओवर लांबच्या मित्रांशी गप्पा मारायला. पाच वर्षांची ओवी भुऱ्याच्या ताटलीत पाणी ओतता ओतता ऐकू लागली.

"कुत्रा आणलायस का?" रेडिओवर कुणीतरी विचारलं.

"आणलाय," नवऱ्याचा आवाज आला, "पण इथंच सोडून जाणार. घरभर मुततो रे. पोरीला सांगेन, पळाला म्हणून. ओव्हर."

आपलं बोलणं घरीही ऐकू येतं, हे नवरोबा विसरलेच! मृदुलाला शिसारी आली. वर फोन लागेना, आणि हा रेडिओ नुसता ऐकायचा. नवऱ्यासाठी लाटलेली पोळी तिच्याच्यानं तव्यावर टाकवेना.

"आई, बाबा 'पळाला' म्हणाले, की आपण खरं मानायचं का गं?"